टीव्हीवरचं रेकॉर्ड करायचंय? बॉक्स घेण्याआधी हे वाचा

टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करायला काय घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: बघून पुसून टाकायचंय, की जपून ठेवायचंय? दुकानदार हा प्रश्न विचारत नाही. तो किती जीबी, किती तास, एचडी आहे की नाही एवढंच सांगतो. पण यंत्र कुठलं घ्यायचं हे ठरतं ते या एका उत्तरावर.

संध्याकाळी कामावरून उशिरा येता, साडेसातची मालिका रात्री दहाला बघायची आहे आणि बघितल्यावर तिची गरज नाही, असं असेल तर एक रस्ता. आईचं भजनी मंडळ सह्याद्री वाहिनीवर येणार आहे आणि ते नातवंडांनाही दाखवायचं आहे, तर रस्ता पूर्ण वेगळा. दोन्ही कामं करतो म्हणून विकला जाणारा बॉक्स बहुतेक वेळा पहिलंच काम करतो. म्हणून पुढच्या पायऱ्या या क्रमानेच घ्या.

पायरी १: रेकॉर्डिंगची गरज आहे का ते पाहा

झी मराठीच्या मालिका झी५ वर मिळतात, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. घरात बऱ्यापैकी इंटरनेट असेल आणि फक्त चुकलेला भाग बघायचा असेल, तर नवीन यंत्रावर खर्च करू नका. ॲपचं सदस्यत्व पुरेसं आहे. एक लक्षात ठेवा: ॲपमध्ये डाउनलोड केलेला भाग तुमच्या मालकीचा नसतो. तो त्या ॲपमध्येच चालतो आणि ठरावीक मुदतीनंतर आपोआप बंद होतो.

ॲपवर हमखास सापडेल असं ज्याबद्दल म्हणता येत नाही, ते रेकॉर्ड करण्यासारखं. सह्याद्रीवरचे शेतीचे, आरोग्याचे, स्थानिक कलावंतांचे कार्यक्रम, बातम्यांतली एखादी मुलाखत, थेट प्रक्षेपणं. सह्याद्रीचे बरेच कार्यक्रम त्यांच्या यूट्यूब वाहिनीवर चढतात, पण सगळे चढतीलच आणि कायम राहतील असं धरून चालू नका.

गावच्या यात्रेचं किंवा गणपती विसर्जनाचं प्रक्षेपण केबलवाल्याच्या स्थानिक वाहिनीवर असेल, तर रेकॉर्डिंगच्या भानगडीत न पडता सरळ केबलवाल्याला भेटा आणि पेन ड्राइव्हवर प्रत मागा. मूळ चित्रण त्याच्याकडेच असतं आणि तुमच्या बॉक्समधून निघेल त्यापेक्षा ते नक्कीच चांगलं असतं. ही साधी गोष्ट लोकांना सुचत नाही.

पायरी २: घरातला बॉक्स उलटा करून बघा

सेट टॉप बॉक्स हातात घ्या आणि मागची, बाजूची सगळी भोकं बघा. यूएसबीचं भोक आहे का? असेल तर रिमोटवर लाल ठिपक्याचं किंवा ‘रेक’ लिहिलेलं बटण आहे का? दोन्ही असतील तर तुमच्या घरात रेकॉर्डर आधीच असू शकतो, फक्त त्याला हार्ड डिस्क जोडलेली नाही. काही बॉक्सवर यूएसबीचं भोक असतं, पण ते सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापुरतं किंवा फोटो-गाणी दाखवण्यापुरतं. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून बॉक्सच्या खालच्या चिठ्ठीवरचा मॉडेल नंबर सांगा आणि तीन गोष्टी विचारा: या मॉडेलवर रेकॉर्डिंग होतं का, त्यासाठी दरमहा वेगळे पैसे पडतात का, आणि जास्तीत जास्त किती क्षमतेची डिस्क चालते.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण त्यापायी लोक पेन ड्राइव्ह विकत आणतात आणि हिरमुसतात. पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागे लावली म्हणजे सेट टॉप बॉक्सवरचा कार्यक्रम रेकॉर्ड होईल, हे खरं नाही. बॉक्समधून टीव्हीकडे एचडीएमआय वायरने जे चित्र येतं, ते टीव्ही दाखवतो, साठवत नाही. ज्या टीव्हीत रेकॉर्डिंगची सोय असते, तीही त्या टीव्हीच्या स्वतःच्या आतल्या ट्यूनरवर, म्हणजे वाहिनी पकडणाऱ्या भागावर, आलेल्या वाहिन्यांपुरतीच, आणि तसं रेकॉर्डिंग बहुधा त्याच टीव्हीवर चालतं. पेन ड्राइव्ह लावायची ती बॉक्सला.

पायरी ३: बघून पुसायचं असेल, तर डीटीएचचा किंवा केबलचा रेकॉर्डर

आपल्याकडे डीटीएच कंपन्यांनी रेकॉर्डिंगचे बॉक्स आणून बरीच वर्षं झाली. टाटा स्कायचा ‘प्लस’ बॉक्स २००८ मध्ये आला, तेव्हा चालू कार्यक्रम थांबवून चहा घेऊन येता येतं याचंच घरोघरी अप्रूप होतं. त्यात हार्ड डिस्क आतच बसवलेली असे. पुढे इतर कंपन्यांनी बाहेरून यूएसबी डिस्क लावायचे बॉक्स आणले, ते स्वस्त पडतात. मॉडेलं सतत बदलतात, म्हणून नावापेक्षा गुण बघून घ्या.

सगळ्यांत महत्त्वाचा गुण म्हणजे ट्यूनर किती. एकच ट्यूनर असेल, तर एका वाहिनीचं रेकॉर्डिंग चालू असताना दुसरी बघता येत नाही, किंवा मोजक्याच बघता येतात. साडेसातला सासूबाईंची मालिका रेकॉर्ड होतेय आणि त्याच वेळी घरातल्या कुणाला मॅच बघायची आहे, तर भांडण ठरलेलं. एकत्र कुटुंब असेल तर दोन ट्यूनरचाच बॉक्स घ्या. त्यासाठी छतावरच्या छत्रीपासून बॉक्सपर्यंत सहसा दोन केबल आणाव्या लागतात आणि छत्रीच्या तोंडाशी असलेला एलएनबीही दोन तोंडांचा लागतो. बसवणारा माणूस येईल तेव्हा हे आधी सांगा. इमारतीत सामायिक छत्री असेल तर सोसायटीच्या डक्टमधून दुसरी केबल येईल का, तेही विचारून ठेवा.

दुसरा गुण: वेळापत्रकातून मालिकेचं सलग रेकॉर्डिंग लावता येतं का. नुसता रोज साडेसात ते आठचा टायमर लावला, तर तासाभराच्या महाएपिसोडचा अर्धाच भाग मिळतो. वेळापत्रकावर चालणारा बॉक्स कार्यक्रमाची दाखवलेली वेळ पाळतो. वाहिनीने वेळापत्रक नीट भरलेलं असेल, तर पूर्ण भाग मिळतो.

आता या रस्त्याची मर्यादा, आणि ही मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. डीटीएच आणि केबलच्या बॉक्सने केलेलं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं. डिस्क काढून संगणकाला लावली तर एकतर काहीच दिसत नाही, नाहीतर न उघडणाऱ्या फाइली दिसतात. ते रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं, आणि बहुतेक ठिकाणी रिचार्ज चालू असेपर्यंतच. बॉक्स बिघडला आणि कंपनीने बदलून दिला, की जुनं सगळं गेलं. डिस्क शाबूत असते, पण तिचा उपयोग शून्य. म्हणून या बॉक्समध्ये मालिका ठेवा, मॅच ठेवा, सिनेमे ठेवा. आईचं भजन ठेवू नका.

एचडीएमआय वायरमधून चित्र पकडणारी यंत्रंही बाजारात मिळतात, पण डीटीएचच्या बॉक्सला लावली की पडदा काळाच राहतो, कारण त्या वायरमधून जाणारं चित्रही संरक्षित असतं. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

पायरी ४: जपून ठेवायचं असेल, तर फ्री डिश

प्रसारभारतीची डीडी फ्री डिश सेवा २००४ च्या डिसेंबरात ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही. छत्री, बॉक्स आणि बसवणी असा एकदाच खर्च, साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास. शहरातली मंडळी तिच्याकडे गावाकडची सोय म्हणून बघतात आणि तिचा सर्वांत मोठा गुण त्यांच्या नजरेतून सुटतो. तिच्यावरच्या सह्याद्रीसारख्या खुल्या वाहिन्यांना कुलूप नसतं. त्यामुळे साध्या फ्री डिश बॉक्सने पेन ड्राइव्हवर केलेलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा सरळ संगणकावर उघडतं, कॉपी होतं, भावाला-बहिणीला देता येतं. जपून ठेवायचं रेकॉर्डिंग करण्याचा आपल्याकडे याहून सोपा रस्ता मला माहीत नाही. घरात दुसऱ्या कंपनीचं डीटीएच असलं, तरी केवळ या कामासाठी फ्री डिश बसवून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

बॉक्स घेताना एमपेग-४ चा, म्हणजे चित्र दाबून पाठवण्याच्या नव्या पद्धतीचा घ्या. जुना एमपेग-२ चा बॉक्स शे-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळेल, पण त्यावर काही वाहिन्या येतच नाहीत. एमपेग-४ च्या बॉक्सवर दोन्ही प्रकारच्या येतात. खोक्यावर ‘पीव्हीआर’ (म्हणजे रेकॉर्डिंगची सोय) किंवा ‘यूएसबी रेकॉर्डिंग’ असं लिहिलेलं हवं. नुसतं ‘यूएसबी’ असेल तर त्याचा अर्थ फक्त गाणी वाजतील एवढाच असू शकतो. फ्री डिशवर खासगी वाहिन्या कुठल्या असतील हे प्रसारभारतीच्या लिलावांप्रमाणे बदलत राहतं. त्यामुळे एखाद्या खासगी मराठी वाहिनीच्या भरवशावर ती घेऊ नका. सह्याद्री आणि दूरदर्शनच्या इतर वाहिन्यांसाठी घ्या.

बसवण्याआधी आकाश बघा. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. महाराष्ट्रातून छत्रीचं तोंड त्याच्यासाठी साधारण आग्नेयेला, बऱ्यापैकी वर करून धरावं लागतं. त्या बाजूला शेजारची उंच इमारत, आंब्याचं झाड किंवा पाण्याची टाकी आड येत नाही ना, ते बघा. फ्लॅटची गॅलरी पश्चिमेला असेल तर गॅलरीत छत्री लावून काही उपयोग नाही, गच्चीवरच जावं लागेल. बहुतेक डीटीएच कंपन्यांचे उपग्रह वेगळ्या जागी आहेत, त्यामुळे आधीच्या छत्रीवर फ्री डिश आपोआप येणार नाही. वेगळी छत्री धरूनच हिशोब करा.

पायरी ५: पेन ड्राइव्ह की हार्ड डिस्क

हिशोब सोपा आहे. साध्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ४ मेगाबिट धरला तर तासाला सुमारे १.८ जीबी जागा लागते. एचडी वाहिनीचा ८ मेगाबिट धरला तर ३.६ जीबी. म्हणजे ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर साधी वाहिनी पंधराएक तास मावते आणि ५०० जीबीच्या डिस्कवर एचडीचे सव्वाशे-दीडशे तास. महिन्यातून एखाद-दुसरा कार्यक्रम उतरवायचा असेल, तर चांगल्या कंपनीची ३२ किंवा ६४ जीबीची पेन ड्राइव्ह भरपूर झाली. रोजच्या मालिकांना ५०० जीबी ते १ टीबीची डिस्क घ्या. २ टीबीच्या वरच्या डिस्क पुष्कळ बॉक्सना ओळखताच येत नाहीत.

फुटपाथवरची स्वस्त पेन ड्राइव्ह मात्र टाळा. तिचा लिहिण्याचा वेग कमी पडला की रेकॉर्डिंगमध्ये चित्र अडखळतं, आवाज तुटतो, आणि हे कळतं ते बघायला बसल्यावर. काही बॉक्स तर ड्राइव्हचा वेग आधी तपासतात आणि कमी असेल तर सरळ नकार देतात.

हार्ड डिस्कची गोम विजेत आहे. जुन्या पद्धतीचं यूएसबी भोक ५०० मिलीअँपियर एवढाच करंट देतं आणि काही डिस्कना सुरू होताना त्याहून जास्त लागतो. डिस्क लावल्यावर आतून बारीक टकटक ऐकू आली, दिवा लागून विझत राहिला आणि बॉक्सने तिला ओळखलंच नाही, तर डिस्क खराब आहे असं लगेच समजू नका. तिला वीज पुरत नसावी. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

आणि डिस्क पहिल्यांदा लावली की बॉक्स ‘फॉरमॅट करू का’ असं विचारतो. हो म्हटलं की डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो असलेली डिस्क यासाठी कधीच वापरू नका. फ्री डिशच्या बॉक्सवर डिस्कवर फाइली मांडण्याची बहुधा फॅट३२ पद्धत चालते. तिच्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, म्हणून मोठा कार्यक्रम दोन-तीन तुकड्यांत साठवला जातो. तुकडे दिसले म्हणून घाबरू नका, ते क्रमाने चालतात.

पायरी ६: दुकानातच करून बघा

बऱ्याच दुकानांत फ्री डिशचं जोडणी केलेलं प्रात्यक्षिक असतं. घरून पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि म्हणा, “दादा, सह्याद्री लावा आणि पाच मिनिटं रेकॉर्ड करून दाखवा.” मग ड्राइव्ह काढून दुकानातल्याच संगणकावर किंवा दुसऱ्या टीव्हीवर लावून बघा. फाइल चालली, आवाज आणि चित्र जुळलं, तर बॉक्स घ्या. दुकानदार टाळाटाळ करायला लागला तर पुढच्या दुकानात जा. बिल घ्या, वॉरंटीच्या कार्डावर शिक्का मारून घ्या, आणि रिमोट सुटा मिळतो का तेही विचारा. बॉक्सच्या आधी रिमोटच जातो.

पायरी ७: टायमर लावायला शिका

खरी परीक्षा इथे होते. उदाहरण आषाढी एकादशीचं घेऊ. पंढरपूरची शासकीय महापूजा मध्यरात्र उलटल्यावर, पहाटे दोन-अडीचच्या सुमारास असते आणि तिचं थेट प्रक्षेपण होतं. घरातल्या वयस्कर माणसांना तेव्हा जागणं जमत नाही. सकाळी अंघोळ करून त्यांना ती बघायची असते. समजा, एकादशी शनिवारी आहे.

आधी बॉक्सचं घड्याळ तपासा. बॉक्स वेळ उपग्रहाच्या सिग्नलवरून घेतो, पण देशाची वेळ सेटिंगमध्ये +५:३० निवडलेली असावी लागते. ती शून्यावर राहिली असेल तर घड्याळ साडेपाच तास मागे दाखवतं आणि रेकॉर्डिंग सकाळी साडेसातला सुरू होतं, पूजा केव्हाच उरकलेली असताना.

मग तारीख. आपल्या बोलण्यात ती ‘शुक्रवारची रात्र’ असते, पण बॉक्सच्या लेखी बारा वाजले की शनिवार लागला. टायमरवर शनिवारची तारीख टाका. सुरुवात दोनला, शेवट पाचला. थेट प्रक्षेपण कधीच घड्याळाबरहुकूम चालत नाही, तेव्हा मागे-पुढे मोकळी जागा सोडा. एरवीच्या कार्यक्रमांनाही आधी पाच मिनिटं आणि नंतर पंधरा मिनिटं जास्तीची ठेवत जा. पुढे ‘एकदाच, रोज, आठवड्याला’ यांतलं ‘एकदाच’ निवडा. आणि शेवटी प्रकार: पुष्कळ बॉक्सच्या टायमरमध्ये ‘व्ह्यू’ आणि ‘रेकॉर्ड’ असे दोन पर्याय असतात आणि आधीपासून ‘व्ह्यू’ निवडलेलं असतं. ते तसंच राहिलं तर बॉक्स ठरल्या वेळी वाहिनी लावतो, साठवत काहीच नाही.

आता घरातल्यांना सांगा की रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करू नका. आपल्या घरांत ही सवय पक्की असते, आणि एरवी चांगलीच आहे. पण बॉक्सला वीज लागते. रिमोटने बॉक्स झोपवला तर चालतो, टीव्ही बंद असला तरी चालतो, मुख्य बटण मात्र चालू हवं. मी तर बटणावर कागदाची पट्टी चिकटवून ठेवायला सांगतो. लोडशेडिंगचा भाग असेल तर बॉक्स इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. त्याला वीज फार लागत नाही.

आषाढी पावसाळ्यात येते, म्हणून पावसाचंही बघा. डीटीएच आणि फ्री डिशचा सिग्नल ज्या लहरींवर येतो, त्या मुसळधार पावसात क्षीण होतात आणि पडदा चौकटी-चौकटी होऊन थांबतो. मे महिन्यातच छत्री नीट रोखून घ्या, नटबोल्ट आवळून घ्या, केबलच्या टोकाला पाणी शिरत नाही ना ते बघा. एरवी सिग्नल भक्कम असेल तर साधा पाऊस निभावतो, कोकणातल्या धो-धो सरीत मात्र थोडा वेळ जाणारच. अशा भागात केबलचं चित्र बऱ्याचदा जास्त टिकतं, कारण केबलच्या मुख्य केंद्रात मोठ्या छत्र्या असतात आणि त्या पावसाला दाद न देणाऱ्या लहरींवर चालतात.

हे सगळं झाल्यावर आदल्या दिवशी दहा मिनिटांचा खोटा टायमर लावा. बॉक्स झोपवून ठेवा, टायमर लागतो का, फाइल तयार होते का, चालते का ते बघा. महापूजा पुन्हा बघायला वर्ष थांबावं लागतं.

पायरी ८: उतरवलेलं सांभाळा

रेकॉर्डिंग झालं की पेन ड्राइव्ह ओढून काढू नका. आधी बॉक्स झोपवा किंवा मेनूतून ड्राइव्ह सुरक्षित काढण्याचा पर्याय घ्या, नाहीतर शेवटची फाइल खराब होऊ शकते. मग लगेच संगणकावर कॉपी करा. फाइलीच्या नावात नुसते आकडे असतात, ते बदलून तारीख, वाहिनी आणि कार्यक्रम असं देवनागरीत लिहा. आत्ता नाव दिलं नाही तर दोन वर्षांनी कुठली फाइल कसली, हे एकेक उघडूनच बघावं लागतं.

फाइल ‘टीएस’ प्रकारची असेल तर व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये उघडते. नातेवाइकांना पाठवायची असेल तर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने तिचं एमपी४ करा. जागाही बरीच कमी होते आणि मोबाइलवरही चालते. व्हॉट्सॲपवर पाठवताना ती व्हिडिओ म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका, म्हणजे चित्र आणखी दाबलं जात नाही. तिथे फाइलची मर्यादा २ जीबी आहे. घरात बघणं, आपल्या माणसांना दाखवणं वेगळं. वाहिनीचा कार्यक्रम स्वतःच्या यूट्यूबवर चढवू नका, त्याचे हक्क वाहिनीचे असतात.

जे खरंच जपायचं आहे, त्याच्या दोन प्रती ठेवा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक तुमच्या कपाटात, एक बहिणीकडे. दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही डिस्क एकदा लावून फाइली उघडून बघा. एक उघडली नाही तर दुसरीवरून त्याच दिवशी नवी प्रत काढा.